डिशवॉशर घ्यायचा राहिला: डोंबिवलीतल्या एका घराचं प्रकरण

हे कुटुंब डोंबिवलीचं. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि खर्चाचे आकडे त्यांनी सांगितले तसेच ठेवलेत. सुनेने हिशेबाची वही दाखवली. वहीत नसलेलं बरंचसं सासूबाईंनी सांगितलं.

पार्श्वभूमी

स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर, तीसेक वर्षं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा टू-बीएचके. माणसं पाच: ७३ वर्षांच्या आजी, मुलगा, सून, नववीतली नात आणि चौथीतला नातू. मुलाची नोकरी अंधेरीला, म्हणजे रोज दादरला गाडी बदलणं आलं. सून ठाण्याला एका पतपेढीत आहे, सव्वाआठला घराबाहेर पडते. नातीची शाळा सकाळची. नातवाची दुपारची, त्यामुळे त्याला तयार करून पाठवणं आजींकडे.

इमारतीची एक खोड पुढे फार महत्त्वाची ठरली. गच्चीवर मोठी टाकी नाही. सोसायटीचा पंप सकाळी साडेपाच ते सात चालतो आणि तेवढ्या वेळात प्रत्येकाने मोरीवरच्या माळ्यावर बसवलेली आपापली टाकी भरून घ्यायची. यांची टाकी ३०० लिटरची. कॉक सोडायचा, टाकी भरली की आठवणीने बंद करायचा.

भांडी आणि केरफरशीला एकच मावशी बारा वर्षं येत होत्या. वेळ नऊची, दार उघडायला आजी. गणपतीला त्या गावी गेल्या आणि परत आल्यावर "आता जमायचं नाही" म्हणून काम सोडलं. वय झालं असेल, असं घरातल्यांनी धरून चाललं. कारण कोणी विचारलं नाही.

अडचण नेमकी काय होती

मावशी गेल्यावर पंधरा दिवसांत घर विस्कटलं. सून रात्री अकराला भांडी घासायची आणि पहाटे पाचला उठायची. नवरात्रात तिने नवऱ्याला सांगितलं, की हे असंच चाललं तर मी नोकरी सोडते. त्यावर नवऱ्याने दिवाळीच्या बोनसचे ४० हजार रुपये समोर ठेवले. डिशवॉशर घेऊ आणि प्रश्न मिटवू, असं त्याचं म्हणणं.

पैसे होते, इच्छा होती, दुकानात मॉडेलही बघून ठेवलं होतं. बऱ्याच घरांत याच टप्प्यावर खरेदी होऊन जाते. इथे नातीमुळे थांबली. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला घरातल्या कुठल्या तरी गोष्टीची आठवडाभर नोंद ठेवायची होती. तिने विषय घेतला, "सकाळी आईला कोण कशासाठी हाक मारतं". ज्या कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाचा खाडा लिहितात, त्याच्याच शेजारी कागद चिकटवून ती रेघा ओढत बसली.

तो कागद मी पाहिला आहे. भांड्यांच्या नावाने त्यावर एकही रेघ नव्हती. रेघा होत्या त्या अशा: "आई, दूध बघतेस ना?" "टाकी भरली का गं?" "याचं झाकण कुठाय?" "माझा पास?" "माझी सकाळची गोळी झाली का?" शेवटचा प्रश्न आजींचा. आपण घेतलेल्या गोळीची खात्री त्या सुनेकडून करून घ्यायच्या, आणि सून पोळ्या लाटता लाटता अंदाजाने "हो, झाली" म्हणायची.

हाताने करायची कामं सगळेच थोडीफार करत होते. नवरा भाजी चिरून द्यायचा, नात अंथरुणं काढायची. पण कशावर तरी लक्ष ठेवायचं काम एकटीकडे होतं. गॅसवर दूध, वर टाकी, मशीनमध्ये कपडे, आजींची गोळी, बसची वेळ, हे सगळं तिच्या डोक्यात एकाच वेळी चालू असायचं. भांडी ही दमल्यावरची शेवटची काडी होती. गृहव्यवस्थापन शिकवताना मी हा घोळ वारंवार बघते: ज्या कामाचा आवाज जास्त, त्यावर पैसे आधी खर्च होतात.

समोरचे पर्याय

डिशवॉशरचा विचार त्यांनी नीट केला. किंमत ३८ हजार. रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे ओट्याखालची एक ट्रॉली काढावी लागणार. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याची नळी हा खर्च निराळा. पाणी मात्र तो फारसं घेत नाही, इको प्रोग्रॅमला दहा लिटरच्या आसपास. वाहत्या नळाखाली घासण्यापेक्षा कितीतरी कमी. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, डबे त्यातून उत्तम निघतात. पण या घराच्या घासणीत बिडाचा तवा होता, लोखंडी कढई होती, ॲल्युमिनियमचा कुकर होता, लाकडी पोळपाट-लाटणं होतं. बीड आणि लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम काळं पडतं, लाकूड फुगतं. म्हणजे जे घासायला खरं जड, ते हातानेच घासायचं राहणार. आजींनी याचा निकाल एका वाक्यात लावला: "मग चाळीस हजारांत पेलेच धुवायचे का?"

दुसरा पर्याय पोळ्यांना बाई लावण्याचा. चौकशी केली तर सकाळी सातच्या आधी यायला कोणी तयार नव्हतं, आणि नातीचा डबा साडेसहाला भरायचा असतो.

तिसरा पर्याय, सुनेने वर्षभर बिनपगारी रजा घ्यायची. घराचं कर्ज चालू होतं. हा विषय दोन दिवसांत मिटला.

चौथा पर्याय नातीच्या कागदातून निघाला. ज्या ज्या हाकेसाठी रेघ आहे, ती हाक मारायची गरजच उरू नये असं काहीतरी करायचं. सून म्हणाली, दिवाळीपर्यंत हे करून बघू, नाही जमलं तर डिशवॉशर आहेच. नवऱ्याला ते फारसं पटलं नव्हतं. त्याच्या मते हे म्हणजे गळक्या छपराखाली वाट्या मांडणं होतं.

काय केलं

सुरुवात दुधापासून झाली, कारण सर्वांत जास्त रेघा दुधाच्या होत्या. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, ७२ अंशांना १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं, तेव्हा पिशवी न फोडलेली आणि फ्रिजमध्ये असेल तर ते तापवायलाच हवं असं नाही, हा मुद्दा नवऱ्याने मांडून पाहिला. आजी म्हणाल्या, "मग साय कुठून धरेल, आणि तूप कशाचं कढवू?" मुद्दा बिनतोड होता.

मग दोन लिटरचा दुधाचा कुकर आणला, ९०० रुपयांचा. दोन भिंतींचं भांडं असतं ते. बाजूच्या नळीतून मधल्या पोकळीत पाणी घालायचं, नळीवर शिट्टी बसवायची, दूध आत ओतायचं. ज्योत दुधाला थेट लागत नाही. पोकळीतलं पाणी १०० अंशांवर उकळत राहतं आणि त्याच्या वर जात नाही. दुधाला खळखळून उकळी यायला पाण्यापेक्षा किंचित जास्त तापमान लागतं. म्हणून दूध उकळीच्या अगदी अलीकडे थांबतं. साध्या पातेल्यात साय वर झाकणासारखी धरते आणि खालची वाफ तिला उचलून बाहेर येते, तेच उतू जाणं. इथे खालून तेवढा रेटाच नाही. शिट्टी वाजल्यावर कोणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी ओटा कोरडा. पथ्य एकच: पोकळीत पाणी घालायला विसरलं तर शिट्टी वाजत नाही आणि भांडं तळातून खराब होतं. ते पाणी घालायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं.

डब्यांच्या झाकणांचा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. या घरात वेगवेगळ्या दुकानांतून, लग्नामुंजीत, हळदीकुंकवाच्या वाणात आलेले स्टीलचे डबे होते आणि कुठलंही झाकण दुसऱ्या कुठल्याही डब्याला बसायचं नाही. सुनेने ते सगळे माळ्यावर टाकले आणि एकाच मापाचे सहा डबे घेतले, १,५०० रुपयांत. तीन डबे बाहेर गेलेले असतात, तीन घरी कोरडे असतात. रात्री डबे घासलेच पाहिजेत ही घाई त्यामुळे संपली. भांड्यांच्या दुकानात त्यांवर नाव घालून घेताना आजींनी हट्टाने आजोबांचं नाव घातलं. नातवाच्या वर्गात ते नाव आता त्यालाच चिकटलंय.

गोळ्यांसाठी सात खणांचा, सकाळ-रात्र असे भाग असलेला डबा आणला, २०० रुपये. रविवारी नात आणि आजी मिळून तो भरतात. पहिल्यांदा भरताना नातीने सगळ्या चिठ्ठ्या समोर पसरल्या तेव्हा लक्षात आलं, की आजी थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्रच घेत होत्या. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं असतं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. डॉक्टरांना विचारून कॅल्शियम रात्रीवर नेलं. कुठल्या गोळ्या पाकिटातून आधी काढून ठेवलेल्या चालतात आणि कुठल्या दमट हवेने बिघडतात, हे केमिस्टला विचारून घेतलं. या एका खरेदीसाठी बाकी सगळं वाया गेलं असतं तरी चाललं असतं, असं माझं मत.

दाराजवळ आकड्यांची पट्टी लावली: किल्ल्या, पास, ओळखपत्रं. नातवाचे मोजे सगळे एकाच रंगाचे घेतले, जोडी शोधायला नको. पॅसेजमध्ये आणि मोरीपाशी माणूस आला की आपोआप लागणारे दोन छोटे दिवे लावले. कपड्यांसाठी गॅलरीच्या छताला कप्पी आणि दोरीवर खाली येणाऱ्या दांड्या बसवल्या, २,८०० रुपये. प्रत्येक दांडी वेगळी खाली येते, त्यामुळे आजींना हात वर न करता कपडे वाळत घालता येतात.

मोरीत हाताला धरायचा स्टीलचा दांडा बसवायचं ठरलं तेव्हा आजी रागावल्या. "मी काय पडायला लागलेय का?" नवऱ्याने आधी रबरी चकतीने भिंतीवरच्या फरशीला चिकटणारा दांडा आणला होता, भोकं पाडायला नकोत म्हणून. तो त्याने स्वतःच ओढून पाहिला आणि हातात आला. असल्या दांड्यावर माणसाचा भार टाकायचाच नसतो. मग भिंतीत बोल्ट मारून पक्का दांडा बसवला. आजी सुरुवातीला त्यावर फक्त लुगडं टाकायच्या. आता धरतात, पण कबूल करत नाहीत.

दोन खरेद्या फसल्या. टाकीची पुढे सांगते. दुसरी कणीक मळायच्या यंत्राची, ५,४०० रुपये. कणीक चांगली मळून निघते, तक्रार तिची नाही. पण त्याचं भांडं, पातं, झाकण, झाकणाच्या खाचेत अडकलेलं पीठ, हे सगळं धुवायला परातीत कणीक तिंबण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय पाणी किती हे आजींच्या हाताला कळतं, यंत्राला मोजून द्यावं लागतं, आणि गहू बदलला की माप बदलतं. तीन आठवड्यांत ते माळ्यावर जुन्या डब्यांच्या शेजारी गेलं. ज्या कामाला कुणाची हाक नव्हती, नातीच्या कागदावर एकही रेघ नव्हती, त्यासाठी ही सर्वांत महागडी खरेदी झाली. दिवाळीची सूट होती, एवढंच कारण.

टाकी आणि मावशी

टाकीसाठी आधी २५० रुपयांची घंटी आणली. पाणी वरपर्यंत आलं की तारेला लागतं आणि गाणं वाजतं. दोन दिवस सगळे खूश होते. मग लक्षात आलं, की गाणं वाजलं तरी उठून कॉक बंद करायला माणूस लागतोच, आणि ते गाणं ऐकून उठणारं माणूस तेच, ओट्याशी उभं असलेलं. आधी ती आठवण ठेवून जायची, आता आवाज ऐकून जायला लागली.

प्लंबरला बोलावलं. त्याने टाकीत डोकावून विचारलं, "इथला बॉलकॉक कोणी काढला?" पूर्वी होता. क्षार धरून अडकला म्हणून कधीतरी काढला आणि नवा बसवायचा राहून गेला. ६५० रुपयांत नवा बसला. पोकळ गोळा पाण्याबरोबर वर येतो, त्याची दांडी तोटी दाबते, पाणी थांबतं. खालचा कॉक आता कायम उघडा असतो. साडेपाचला कोणी उठत नाही.

दिवाळीनंतर सून भाजी घ्यायला गेली असताना मावशी भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडं नऊला आलं की नळाला पाणी नाय. बादली भरून घ्यायची, वाकून घासायचं. माझी आणखी चार घरं हायत."

सगळा उलगडा तिथे झाला. दोन वर्षांपूर्वी टाकी भरून वाहिली होती आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली होती. भांडण झालं होतं. तेव्हापासून टाकी वाहू नये या धास्तीने घरातलं जो तो कॉक लवकर बंद करायचा. टाकी अर्धीच भरायची. साडेसातला वॉशिंग मशीन लागलं की शंभराच्या वर लिटर पाणी तिथे जायचं. नऊपर्यंत टाकी रिकामी. डिशवॉशर घेतला असता तर त्यालाही त्याच टाकीतून पाणी मिळणार होतं, म्हणजे मिळणार नव्हतं.

सुनेने सांगितलं, आता पाणी असतं, येऊन बघा. मावशी डिसेंबरपासून परत आल्या. पगार महिना तीनशेने वाढवून मागितला, तो न घासाघीस करता दिला.

परिणाम

हिशेबाच्या वहीप्रमाणे एकूण खर्च १३,३०० रुपये झाला, त्यातले घंटीचे आणि कणकेच्या यंत्राचे मिळून ५,६५० वाया गेले. उरलेल्या बोनसमधून कर्जाचा एक जादा हप्ता गेला. सून नोकरीत आहे. उठायची वेळ पाचवरून पावणेसहावर आली.

सगळं सुरळीत झालेलं नाही. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं असं ठरलं होतं. आजी त्याला शिळं म्हणतात आणि आठवड्यातून दोनदा ताजंच वाटतात. सुनेने तो आग्रह सोडला. जे वाटण हवंय ते करणारी बाई स्वतःहून करतेय, तर वाद कशाला, हे तिचं गणित मला योग्य वाटतं. आकड्यांच्या पट्टीवर नवऱ्याच्या किल्ल्या अजूनही चार दिवसांतून एकदा नसतात. रात्रीची भांडी मावशींच्या वेळेपर्यंत राहतात म्हणून झुरळं होऊ लागली होती. तेव्हा जेवल्यावर ज्याने त्याने ताट खरकटं काढून विसळायचं आणि ताटाळ्यात लावायचं असा नियम झाला. तो पाहुणे आले की मोडतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट उघड आहे: मावशींना पहिल्याच दिवशी कारण विचारायला हवं होतं. बारा वर्षं घरात वावरलेलं माणूस जातं तेव्हा त्याच्याकडे घराची अशी माहिती असते जी घरातल्यांना नसते. संकोच दोन्हीकडून होता. पाणी नाही म्हणून सोडते, हे सांगणं मावशींना तक्रारीसारखं वाटलं; कारण विचारणं सुनेला गळ घातल्यासारखं वाटलं. मधले तीन महिने त्या संकोचात गेले.

दुसरं, आजींना खरेदीनंतर सांगितलं जायचं. दुधाचा कुकर टिकला कारण तो आणण्याआधी त्यांच्याशी वाद झाला होता. यंत्र टिकलं नाही कारण ते खोक्यातून थेट ओट्यावर आलं. घरातली कणीक जी मळते तिलाच न विचारता ते आलं होतं. दांड्याबाबतही मुलाने आधी बोलून घेतलं असतं तर रबरी चकतीचे पैसे वाचले असते. ते वहीत लिहिलेले नाहीत, आजींनी सांगितले.

तिसरं, थोडं वादाचं आहे. मी डिशवॉशरच्या विरोधात नाही. ज्या घरात बिडाची भांडी कमी, टाकी भरलेली आणि मावशी मिळतच नाहीत, तिथे तो मी पहिला घ्यायला सांगेन. या घरातही नात दहावीला गेली आणि मावशींचे गुडघे थकले की विषय पुन्हा निघेल. तेव्हा ट्रॉलीचं माप आणि पॉइंटची जागा ठरलेली असावी म्हणून नवऱ्याने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. मला वाटतं, १६ अँपिअरचा पॉइंट त्याने आत्ताच बसवून घ्यावा. इलेक्ट्रिशियन तसाही येणार आहे. कारण एका रांगेवर अजून उपाय सापडलेला नाही: मोरी एक आणि सकाळी सहा ते सात तीन माणसं. बाहेरच्या बेसिनवर आरसा लावून नवऱ्याची दाढी तिकडे हलवायची, इतपत ठरलंय. आरसा आलाय. दिव्याचं काम पुढच्या रविवारी.